अजून न आलेल्या खेळाची गोष्ट

मैत्रिणींनो, अंदाज बांधणं आपल्याला काही नवीन नाही. मालिका ऐन रंगात येते आणि आठवड्याच्या शेवटच्या भागात नेमकी अशा ठिकाणी थांबते, की पुढच्या सोमवारपर्यंत जीव टांगणीला! मग भाजी निवडताना, नळावर, एस.टी.ची वाट बघताना आपली चर्चा सुरू. ‘ती चिठ्ठी सासूनेच लपवली असणार’, ‘छे गं, तो मेलेलाच नाही, बघ तू.’ ‘वादळवाट’च्या वेळी आपण हे केलं, ‘चार दिवस सासूचे’ तर दहा वर्षांहून अधिक चालली, तेवढी वर्षं केलं. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, याचा अंदाज तर २०१५च्या जुलैपासून २०१७च्या एप्रिलपर्यंत सगळा देश बांधत होता. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग तेच आपल्या मुलांनी केलं, की आपलं डोकं का फिरतं?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या बचत गटाच्या बैठकांमुळे. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की बायका मन मोकळं करतात. २०२३च्या सुमारास जवळजवळ प्रत्येक बैठकीत एकच तक्रार असायची. ‘ताई, हा पोर काय बोलतो ते कळतच नाय बघा. देवळाच्या ओट्यावर बसतात चौघं-पाच जणं आणि नुसतं इंडस, इंडस! विचारलं तर म्हणतो, गेम आहे. दाखव म्हटलं तर म्हणतो, अजून आलाच नाय!’

अजून आलाच नाही, आणि तरी दोन-दोन तास बोलायचं! मलाही नवल वाटलं. सामाजिक कामात एक सवय लागली आहे, तक्रार ऐकली की दुसरी बाजूही ऐकायची. म्हणून एका संध्याकाळी मी सरळ त्या ओट्यावर जाऊन बसले. मुलं आधी गप्प झाली. काकू आली म्हणजे उपदेश आला! पण मी म्हटलं, ‘मला फक्त सांगा, हे इंडस काय आहे?’ आणि मग जी काही गाडी सुटली म्हणता, थांबेचना.

त्यांनी सांगितलं आणि मग मी स्वतः वाचून समजून घेतलं, ते असं. ‘इंडस’ हा मोबाइलवर खेळायचा नेमबाजीचा खेळ आणि तो बनवणारी कंपनी आपल्या पुण्याची, ‘सुपरगेमिंग’. हा ‘बॅटल रोयाल’ प्रकारातला. म्हणजे एका बेटावर बरेच खेळाडू उतरतात, हत्यारं शोधतात, सुरक्षित जागेचं वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. ‘पब्जी’ ऐकलं असेल, ते त्यातलंच. पण इंडसची गंमत निराळी. सिंधू संस्कृती लयाला न जाता वाढत वाढत थेट ताऱ्यांपर्यंत पोचली असती तर? अशी ती कल्पना. पुराणातल्यासारखी शिल्पं, कमानी, आणि त्यांच्या शेजारी अंतराळयानं! बेटाचं नाव ‘विरलोक’, तिथे ‘कॉस्मियम’ नावाचं दुर्मीळ द्रव्य आणि ते मिळवायला आलेले ‘मिथवॉकर’. त्यांची नावं तरी ऐका, सर ताज, बिग गज, मोर-नी!

या खेळाची घोषणा झाली २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये अँड्रॉइड फोनवर पूर्वनोंदणी सुरू झाली. पूर्वनोंदणी म्हणजे आपण लग्नाचा हॉल आधी धरून ठेवतो ना, तसं. फक्त इथे पैसे द्यावे लागत नाहीत. खेळ आला की फोनवर निरोप येतो. प्रत्यक्षात खेळ सर्वांसाठी आला तो १६ ऑक्टोबर २०२४ला. तोवर नोंदणीचा आकडा एक कोटीच्या वर गेला होता. आणि या सगळ्या मधल्या काळात, मुलांच्या हातात काय होतं? दोन-चार झलक-चित्रफिती, काही चित्रं, कंपनीने अधूनमधून दिलेली माहिती आणि मोजक्या लोकांना चाचणीसाठी खेळायला मिळाला त्यांचे अनुभव. बस्स, एवढ्या चिंध्यांवर आमच्या धसईची पोरं अख्खी गोधडी शिवत होती.

त्यांच्या अंदाजांचे विषय मी वहीत लिहून घेतले होते. पहिला आणि सगळ्यात मोठा, आपल्या फोनवर चालेल का? कारण घरोघरी फोन आहे तो बेताचा. कोविडच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा कुणी गटातून कर्ज काढून, कुणी भात विकून घेतलेला. दुसरा, कधी येणार? दिवाळीला, २६ जानेवारीला की पंधरा ऑगस्टला? तिसरा, पैसे मागेल का? आणि चौथा, ज्यात मला स्वतःला रस वाटला, ही सगळी माणसं त्या बेटावर का आली आहेत? त्या कमानी कुणी बांधल्या? बांधणारे गेले कुठे? एका चित्रफितीतल्या भिंतीवरची नक्षी थांबवून थांबवून बघून एकाने तिचा कागदावर नकाशा केला होता. बी.ए.ला माझा इतिहास होता. हडप्पाची लिपी आजवर कुणाला निर्विवाद वाचता आलेली नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ओट्यावर एकदम शांतता पसरली. ‘म्हणजे काकू, खरोखरच?’ खरोखरच! दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघांनी ग्रंथालयात मोहेंजोदडोवरचं पुस्तक मागितलं. परीक्षेसाठी कधी मागितलं नव्हतं.

बरं, ही वेडं फक्त आपल्याकडेच आहेत असं समजू नका. अमेरिकेतल्या ‘व्हॉल्व्ह’ कंपनीचा ‘हाफ-लाइफ’ हा असाच विज्ञानकथेतला नेमबाजीचा खेळ. त्याचा पहिला भाग आला १९९८ मध्ये. २००७ मध्ये आलेला भाग नेमका अशा जागी संपला, की पुढचं कळल्याशिवाय चैन पडू नये. तेव्हापासून जगभरचे लोक तिसऱ्या भागाचे तर्क लढवू लागले. शाळकरी पोरं होती त्यांची लग्नं झाली, मुलं झाली! त्या खेळाच्या लेखकाने २०१७ मध्ये नावं बदलून कथेचा एक आराखडा प्रसिद्ध केला, २०२०मध्ये त्याच दुनियेतला निराळा खेळ आला, तरी तर्क काही थांबले नाहीत. आपल्या मालिकावाल्यांनी यांच्याकडून धडा घ्यावा!

विज्ञानकथेचं वेडही आपल्या मराठी घराला परकं नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून ती कथा लिहून काढली होती मंगलाताईंनी, त्यांच्या पत्नीने. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. २०२३ मध्ये त्या गेल्या, २०२५मध्ये डॉक्टरही गेले. पण ‘असं झालं असतं तर?’ हा प्रश्न विचारायची जी सवय त्यांनी मराठी वाचकांना लावली, तोच प्रश्न मी त्या ओट्यावर ऐकत होते. आणि मुखवटे घालून देव-दानव नाचवणारा बोहाडा तर आपल्याच ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातला. हत्तीच्या तोंडाचा योद्धा बघून आपल्या पाड्यावरची आजी दचकणार नाही, उलट म्हणेल, याचा सोंड्या जरा बारीक झाला!

इतकं सगळं गोडगोड सांगते आहे म्हणून असं समजू नका, की काळजीचं कारण नाही. आहे. आणि ते कुठे आहे, ते नीट ओळखलं पाहिजे.

आमची धसई १ डिसेंबर २०१६ला ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाली, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. नोटाबंदी नुकतीच झालेली, बँकेने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली, वडापावच्या गाडीचेसुद्धा फोटो छापून आले. आता यंत्रांच्या जागी क्यूआर कोडचे चौकोन आलेत. म्हणजे काय, की ज्या फोनवर पोरगा खेळाची झलक बघतो, त्याच फोनमध्ये आईचं बँक खातं असतं. एकच फोन, तोच शाळा, तीच पेटी, तेच मैदान!

गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी हेच नडलं. मुलगा बारावीला. एका येऊ घातलेल्या खेळाच्या नावाने त्याला निरोप आला, ‘सगळ्यांच्या आधी खेळायला मिळेल, या दुव्यावरून उतरवून घ्या.’ वाट बघून बघून जीव कासावीस झालेलाच होता. त्याने दुवा दाबला, ॲप उतरवलं, विचारलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या. संध्याकाळी आईच्या खात्यातून २,८०० रुपये गेले. गटाचा हप्ता होता तो. भाताची आवणी तोंडावर, मजुरी द्यायची, आणि हे! बापाने फोन भिंतीवर फेकला. पोराने दोन दिवस जेवण सोडलं. आई बिचारी मधल्यामध्ये.

मला कळलं तेव्हा आम्ही आधी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी मदत क्रमांक प्रत्येकीने पाठ करून ठेवावा. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे वाटेत अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. मग बँकेत गेलो, खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवले. आणि मग बसलो बाप-लेकाला समोरासमोर घेऊन. बाप म्हणाला, ‘खेळाच्या नादानं झालं.’ पोरगा मान खाली घालून म्हणाला, ‘मी खेळलोच कुठे होतो?’ दोघांचंही खरं होतं, बघा. पैसे खेळाने नेले नव्हते, वाट बघण्याने नेले होते. चोराने फक्त त्या अधीरतेची किंमत ओळखली. आपल्यालाही लाडकी साडी अर्ध्या किमतीत म्हटलं, की बोट दुव्यावर जातंच ना?

म्हणून मुलांना एक साधा नियम सांगून ठेवा. खेळ आला की तो फोनमधल्या अधिकृत दुकानातच येणार, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यातून नाही. ‘फक्त तुला आधी’ असं जो सांगतो, तो चोर. चाचणीसाठी बोलावणं असेल तर ते कंपनीच्या स्वतःच्या जाहीर पत्त्यावरून येतं आणि त्यासाठी बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही.

दुसरी काळजी पैशांच्या खेळांची. बायका सगळ्यांना एका तराजूत तोलतात, पत्ते काय आणि इंडस काय! पण फरक आहे. पैसे लावून, जिंकल्यास पैसे मिळतील या आशेने खेळायचे ऑनलाइन खेळ निराळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांना, मात्र मान्यता दिली आहे. पोरगा कुठला खेळ खेळतो हे विचारताना पहिला प्रश्न हाच असू द्या, यात पैसे लावायचे असतात का? दुसरा, पात्रांचे कपडे, हत्यारांचे रंग असलं काही विकत घ्यायचा मोह आहे का? असतो. तो खेळ बनवणाऱ्यांचा धंदाच आहे. म्हणून फोनमध्ये खरेदीसाठी पासवर्ड घालून ठेवावा आणि तो आईकडे असावा.

तिसरी काळजी व्यसनाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाचा विकार नोंदवला आहे. पण त्याच्या खुणा नीट वाचा. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यांपेक्षा खेळच मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. सर्वसाधारणपणे हे वर्षभर दिसलं आणि त्यामुळे शिक्षण, घर, नाती यांची मोठी हानी झाली तर तो विकार. ओट्यावर बसून चार मित्रांशी वाद घालणारा मुलगा आजारी नाही. चार मित्रांना सोडून, जेवण टाकून, एकटा अंधारात बसणारा मुलगा दिसला तर डॉक्टरांकडे जा. पहिल्याला ओरडून ओरडून आपण दुसऱ्याच्या वाटेला तर लावत नाही ना, हाही विचार करा.

आणि अपेक्षाभंगाचं काय? तेही शिक्षणच आहे. सप्टेंबर २०२०च्या दोन तारखेला पब्जीवर बंदी आली, चार तारखेला ‘फौजी’ या देशी खेळाची घोषणा झाली. केवढ्या आशा! पब्जीसारखाच असणार म्हणून पोरांनी मनात इमले रचले. २६ जानेवारी २०२१ला तो आला, तर निघाला गलवानच्या कथेवरचा, एकट्याने खेळायचा. अनेकांचा हिरमोड झाला. इंडस आल्यावरही ओट्यावर तेच झालं. कुणाला आवडला, कुणाचा फोन तापला, कुणाच्या घरी नेटवर्कच पोचेना. आमच्याकडे माळशेजच्या बाजूला ढग उतरले की साधा फोन लागत नाही, तिथे अंतराळयुद्ध काय लागणार! एक जण मला म्हणाला, ‘काकू, वाट बघत होतो तेव्हाच जास्त मजा होती.’ सतरा-अठराव्या वर्षी हे कळलं, तर पुढे बरंच काही सोपं जातं. लग्नातसुद्धा!

पण मला खरं सांगायचं आहे ते एका मुलीबद्दल. ओट्यावर ती कधीच नव्हती. आमच्याकडे मुली संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसत नाहीत. त्या बारावीतल्या मुलाची ही धाकटी बहीण, तेव्हा नववीत. फोन भावाचा, फार तर आईचा. हिच्या वाट्याला अभ्यासापुरता अर्धा तास. भाऊ घरी येऊन जे बोलायचा ते ही भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची. मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा तिने ती लाजत लाजत दाखवली. मोर-नी तिने कधी धड बघितलीही नव्हती, तरी काढली होती. अंगावर कवच, डोक्यावर तुरा, आणि कमरेला कोयता! मी विचारलं, ‘कोयता का गं?’ तर म्हणाली, ‘नवीन बेटावर आधी गवत काढावं लागेल ना.’ पुढे म्हणाली, ‘पोरं बोलतात ही कशी लढेल. मी विचारते, ही एकटी कशी आली? घरून कुणी सोडलं हिला? तिच्या आईला माहीत आहे का?’

मैत्रिणींनो, एक कोटी नोंदणीदारांपैकी कितीजणांना हा प्रश्न पडला असेल? खेळ बनवायला नुसते संगणकाचे जाणकार लागत नाहीत. कथा लिहिणारे लागतात, पात्रं रेखाटणारे, कपडे आणि घरं सुचवणारे, संगीत देणारे, आवाज देणारे, चुका शोधणारे लागतात. ‘हिला घरून कुणी सोडलं?’ हा कथाकाराचा प्रश्न आहे. आणि तो जिला पडला, तिच्या हातात फोन नाही.

तिच्या आईला मी एवढंच म्हटलं, की पोराच्या नादाबद्दल आपण वर्षभर बोललो, पोरीच्या नादाबद्दल एकदा बोलू. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेतून देता येतात, इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षेतून जाता येतं. आई आधी म्हणाली, ‘चित्रं काढून कुठं पोट भरतं ताई?’ मग नवऱ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. ‘फी किती असते परीक्षेची?’ असं तिने विचारलं, तेव्हा मला बरं वाटलं. पुढे तिने दोन्ही परीक्षा दिल्या. तिचं पुढे काय होईल, याचे अंदाज मी बांधत नाही; तो तिचा खेळ आहे. तिच्या वाटणीचा अर्धा तास मात्र आता पाऊण तास झाला आहे, आणि तो भावानेच स्वतःच्या वेळातून दिला आहे.

आज ना उद्या तुमच्याही घरात अजून न आलेल्या कुठल्यातरी खेळाचं नाव ऐकू येईल. एक येऊन गेला की दुसरा, त्यांना तोटा नाही. तेव्हा लगेच ‘बंद कर ते’ म्हणू नका. फोनचे पासवर्ड नीट ठेवा, १९३० भिंतीवर लिहून ठेवा, आणि मग पोळ्या लाटता लाटता विचारा, ‘काय रे, पुढं काय होणार असं वाटतं तुला?’ मुलगा सांगेल. त्याचं ऐका. आणि सांगून झालं, की शेजारी पोळ्या भाजणाऱ्या मुलीकडे वळून तिलाही विचारा, ‘आणि तुला गं?’